सकाळी चावणारं जातं

मनोज वेखंडेला सगळं जमायचं, पण एखाद्या वस्तूला नुसतं ‘बरी आहे’ म्हणणं काही जमायचं नाही.

दोष तसा त्याचा नव्हता, नोकरीचा होता. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाणी तापवायचे गीझर बनवणारा एक कारखाना आहे. तिथला प्रत्येक नवा गीझर सरकारी मानकात बसतो की नाही, हे ठरवणं मनोजच्या हातात. गीझरला तो भिजवायचा, भाजायचा, पाण्याविना उपाशी चालवायचा, त्याच्या अंगात हजार-दीड हजार व्होल्ट सोडायचा, आणि एवढं सोसून जो तग धरेल त्याच्या कागदावर सही करायचा. सोळा वर्षं हे केल्यावर माणसाची नजर बिघडते. लग्नाला गेला की नवरीच्या आधी तो मांडवातली वायर बघायचा. मेहुण्याच्या हळदीला त्याने डीजेवाल्याला अर्थिंगबद्दल इतके प्रश्न विचारले की तो माणूस सामान आवरून निघून गेला आणि नवरदेवाची हळद नुसत्या टाळ्यांवर आटपावी लागली. मेहुणा अजून त्याच्याशी धड बोलत नाही. शहापूरच्या बाजारात तर दोन दुकानदार मनोज दिसला की एक्स्टेन्शन बोर्ड आतल्या खोलीत ठेवून यायचे.

आणि असल्या माणसाचा बाप कोण, तर लडकू लाइनमन! किन्हवलीच्या पट्ट्यात पस्तीस वर्षं खांबांवर चढ-उतार करून निवृत्त झालेला. लडकूची मानकं दोनच: तार तापता कामा नये आणि माणूस मरता कामा नये. करंट आहे की नाही, हे तो बोटाच्या पाठीने बघायचा. मनोजला ते बघवायचं नाही. इंजिनियर झाल्यापासून त्याने बापाचं एकही काम नावाजलं नव्हतं. बोर्ड वाकडा आहे, वायरचा रंग चुकलाय, स्क्रू एक कमी आहे, असं काहीतरी निघायचंच. लडकू ऐकून घ्यायचा, ‘बरं’ म्हणायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा.

मागच्या दिवाळीला मनोजने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हाही हेच झालं. भांडी घासायची जागा अंगणातून उचलून मागे टाइल्सच्या मोरीत नेली. लडकू म्हणाला, “अरे, तिथं खाली अर्थिंगचा खड्डा हाय. भांड्यांचं पाणी मुरायचं त्यात. खड्डा सुकंल.”

“बाबा, अर्थिंग खरकट्या पाण्यावर चालत नाही,” मनोज म्हणाला.

“बरं,” म्हणून लडकू गोठ्याकडे गेला.

याच गोठ्यामागे त्याने एक उद्योग चालवला होता. मनोजच्या आईचा, धोंडीबाईचा, उजवा खांदा पावसाळ्यात धरला होता, आणि जातं सोडायला ती तयार नव्हती. गिरणीत नाचणीचं पीठ तापतं आणि तापलेल्या पिठाच्या भाकरीला चव राहत नाही, असं तिचं मत होतं, आणि धोंडीबाईची भाकरी खाल्लेल्या माणसाला ते पटायचंच. मग लडकूने महिनाभर खपून जात्यालाच मोटर बसवली. भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर, सायकलची रिम, तिच्यावरून पट्टा आणि खाली लोखंडी अँगलचं स्टँड. जातं हाताच्याच संथ चालीने फिरायचं. धोंडीबाईने पाट घेऊन बसायचं, जात्याच्या तोंडात चिमटी-चिमटीने घास टाकायचा आणि पीठ भरायचं. खांद्याला सुट्टी.

हा हा म्हणता बायका बघायला जमल्या. धोंडीबाईच्या बचत गटाने ठरवलं की फेब्रुवारीत शहापूरला प्रदर्शन आहे, तिथे हेच जातं मांडायचं, लोकांसमोर दळायचं आणि ताजं पीठ द्यायचं. पंचायत समितीच्या नम्रता मॅडम स्टॉल वाटायच्या. त्यांनी जातं बघून कौतुक केलं आणि म्हणाल्या, “विजेवर चालतंय ना, मग कुणा जाणत्या माणसाचं चार ओळींचं पत्र जोडा. तपासलं, सुरक्षित आहे, एवढंच. सव्वीस जानेवारीला मी झेंडावंदनाला तुमच्या गावात येणारच आहे, तेव्हा द्या.”

“जाणता माणूस आमच्या घरातच हाय,” लडकू म्हणाला. असं तो कधी बोलत नसे. त्याच संध्याकाळी त्याने स्टँडला हिरवा रंग मारला. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाला प्रदर्शनाचं काही पडलेलं नव्हतं. पोराने एकदा आपल्या कामाला ‘पास’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तोंडाने सांगायचं म्हटलं तर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मनोजने चार ओळींची मागणी ऐकली आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

“असं पत्र देता येत नाही. आधी ही वस्तू कुठल्या मानकाखाली येते ते ठरवावं लागेल.”

“जातं हाय रे ते,” धोंडीबाई म्हणाली.

“तेच तर ठरवायचं आहे, आई.”

आता, शंका काढणारा इंजिनियर एकटा असेल तर दुपारपर्यंत दमतो. पण व्हॉट्सअॅपमुळे असले इंजिनियर एकटे राहिलेले नाहीत. मनोजचा ‘सेफ्टी फर्स्ट’ नावाचा ग्रुप होता. त्यात मुरबाडपासून नाशिकपर्यंतचे एकशे चाळीस तपासनीस इंजिनियर होते. मनोजने जात्याचा फोटो टाकून विचारलं: ‘हे स्वयंपाकघरातलं उपकरण की यंत्र?’ तीन दिवस ग्रुपला जेवणाची शुद्ध नव्हती. एकाने हे मिक्सरमध्ये धरलं. दुसऱ्याने विचारलं, मिक्सरला पाती असतात, इथे पाती कुठे आहेत? तिसऱ्याने दगड हा अन्नाला लागणारा पदार्थ असल्यामुळे आधी दगडाचा दाखला मागितला. जात्यावर वापराच्या सूचना मराठीत चालतील की इंग्रजीही हव्यात, यावरून दोघे एकमेकांच्या कॉलेजांवर घसरले आणि ग्रुप सोडून गेले. एक निवृत्त साहेब रोज सकाळी फक्त ‘सुरक्षा हीच पूजा’ असं लिहून फुलाचा फोटो टाकायचे, ते या तीन दिवसांतही चुकले नाहीत.

मग मनोजने मानक कार्यालयाच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं की आपली वस्तू आयात केलेली आहे का. मनोज म्हणाला, नाही, गोठ्यामागे बनली आहे. बाईंनी कारखान्याचा नकाशा अर्जाला जोडायला सांगितला. मनोजने खरोखर नकाशा काढला. त्यात ‘गोठा’, ‘उकिरडा’ आणि ‘प्रस्तावित विस्तार’ अशा तीन जागा दाखवल्या होत्या. प्रस्तावित विस्ताराच्या जागी त्या वेळी म्हैस बांधलेली होती. अर्ज शेवटच्या पानावर अडकला, कारण ‘उत्पादकाचं शिक्षण’ या रकान्यात ‘सातवी’ हा पर्यायच नव्हता.

“मॅडमनी चार ओळी मागितल्यात,” मनोजची बायको रुपाली एकदा म्हणाली.

“तुला त्यातलं कळत नाही.”

रुपाली भाकरी थापायला गेली. बारा वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं: मनोजला थांबवण्यापेक्षा त्याचा जोर ओसरायची वाट बघणं सोपं असतं.

मनोज आठवडाभर मुरबाडलाच राहायचा, घरी यायचा तो शनिवारी रात्री. मॅडमनी पत्र मागितल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने कारखान्यातून एक लाकडी पेटी आणली होती. सकाळी साडेसातला उठून, सवयीप्रमाणे बाथरूममधल्या गीझरचा खटका दाबून, आंघोळीचं पाणी तापतंय तोवर तपासणी उरकू म्हणून तो पडवीत आला. पडवी नुकतीच सारवलेली, अजून ओलसर होती. शेजारचा बारकू ओट्यावर येऊन बसलाच होता. बारकू हा गावचा हुकमी सल्लागार. त्याला स्वतःचं काम असं काही नसल्यामुळे दुसऱ्याच्या प्रत्येक कामाला त्याच्याकडे वेळ असे.

पेटीतून मनोजने एक स्टीलचं बोट काढलं. तीन पेरांचं, सांध्यांत वाकणारं, माणसाच्या बोटाएवढं.

“हे काय रे? कुणाचं बोट?” धोंडीबाईने दचकून विचारलं.

“सगळ्यांचं, आई. मानकातलं बोट आहे. हे जिथे पोचेल तिथे माणसाचं बोट पोचू शकतं. फिरत्या भागाला हे लागलं, की वस्तू नापास.”

“सरकारी बोट!” बारकू आदराने म्हणाला. “नख नाय त्याला. सरकारला कशाला लागतंय नख.”

मनोजने सरकारी बोट जात्याच्या तोंडात घातलं. ते अर्थातच आत गेलं आणि फिरत्या दगडाला जाऊन लागलं. मनोजने वहीत लिहिलं: नापास.

“बोट गेलं नाय तं घास कसा जाईल?” धोंडीबाई म्हणाली. “माझं बोट पन्नास वर्षं जातंय त्यात. धाच्या धा हायत, मोज.”

मनोजने मोजली नाहीत. लडकूने मात्र ‘बरं’ म्हणून मान हलवली आणि बुधवारपर्यंत सागाचं एक लांब नळीचं नरसाळं घडवून जात्याच्या तोंडावर बसवलं. धोंडीबाईने आधी नाक मुरडलं. नरसाळ्याला घासाचं माप कळत नाही, म्हणाली. मग नाचणी मुठीने टाकायची तिला सवय झाली.

पण हे पुढचं. त्या पहिल्या रविवारी मनोजने बोट पेटीत ठेवलं, जातं चालू केलं आणि स्टँड हलतंय का ते बघायला अँगलला हात लावला. आणि ओरडला, “आई गं!”

“काय रे?” धोंडीबाईने शांतपणे विचारलं. तिला वाटलं, हाक मारतोय.

मनोज दोन हात मागे जाऊन सारवणाच्या घमेल्यात बसला होता. सोळा वर्षांच्या नोकरीत त्याला कधी झटका बसला नव्हता, आणि आता बसला तो बापाच्या जात्याचा आणि बारकूच्या देखत! त्याने उठून मीटर लावला. जात्याच्या अंगावर नव्वद व्होल्ट.

“नव्वद!” तो लडकूकडे वळून म्हणाला. “बाबा, हे माणूस मारेल. आणि याला मी सही देऊ?”

लडकूचा चेहरा उतरला. “मोटर उघडून बघितली हाय मी. मला तं काय मिळालं नाय.”

“मला कधी नाय लागत,” म्हणून धोंडीबाई पाटावर बसली, स्टँडवर हात टेकला आणि दळू लागली. तिला खरोखरच काही झालं नाही. ती लाकडाच्या पाटावर बसली आहे आणि आपण ओल्या जमिनीवर अनवाणी आहोत, हे मनोजच्या ध्यानात यायला हवं होतं. पण घमेल्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाला विज्ञान सुचत नाही.

बारकूला मात्र सुचलं. त्याने खात्री करायला अँगलला एक बोट लावलं, हात झटकला आणि थोडा विचार करून म्हणाला, “जातं माणूस ओळखतं. दळणाऱ्याला काय करत नाय. आयतं खाणाऱ्याला चावतं.”

हा सिद्धान्त दुपारपर्यंत गावभर झाला. पुढच्या रविवारी सकाळी पडवीत माणसं मावेनात. जो तो येऊन जात्याला हात लावून बघत होता. सरपंचांना झटका बसला, तेव्हा विरोधी पार्टीने टाळ्या वाजवल्या. शाळेचे हेडमास्तर चपला न काढताच पुढे आले, त्यांना काही झालं नाही, आणि ते आठवडाभर आपण किती राबतो ते सांगत फिरले. एका सुनेने सासूला जात्यापर्यंत आणलं होतं, पण सासूने ऐन वेळी गुडघा धरला. बारकूने गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला आणि जात्याचं तोंड उत्तरेला करायचा सल्ला दिला. जातं गोल असल्यामुळे त्याला कुठे तोंड करायचं हे कोणालाच कळेना.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत मनोजने आणखी एक कर्तव्य पार पाडलं होतं. जातं छोट्या टेम्पोत घालून मुरबाडला नेलं. सरळगावच्या नाक्यावर टेम्पो थांबवून दोघांनी विचारलं की मूर्ती कुठल्या देवाची आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याचा जोडीदार हर्षित होता. हर्षितने जात्याला सगळं करून बघितलं, गीझरला करतात त्याहून जास्त. गळती नाही. अंगावर करंट नाही. सगळीकडे पास.

“मस्त काम आहे हे,” हर्षित म्हणाला. “कोणी केलं?”

“वडिलांनी,” मनोजने पुटपुटून सांगितलं. “पण घरी चावतं.”

“मग तुझ्या घरचं अर्थिंग बघ ना.”

मनोजने मान ताठ केली. “हर्षित, ते माझं घर आहे.”

एखाद्या वैद्याला ‘तुम्हालाच ताप असेल’ म्हणण्यापैकीच होतं ते. मनोजने जातं परत आणलं. दुपारी लडकूने चालवून बघितलं, काही नाही. शनिवारपर्यंत रोज धोंडीबाई दळत होती, बायका येऊन हात लावत होत्या, काही नाही. रविवारी सकाळी मनोज पडवीत आला आणि जातं चावलं. आता मनोजला ही व्यक्तिगत गोष्ट वाटू लागली. त्याने आठ पानांचा अहवाल लिहिला. त्यात ‘दोष अनियमित स्वरूपाचा’ असा शब्दप्रयोग चार वेळा होता, आणि ‘उपकरण पाण्यात बुडवू नये’ अशी सूचनाही होती. ती रुपालीने वाचून दाखवल्यावर धोंडीबाईने विचारलं, “जातं पाण्यात कोण बुडवतं गो?”

असं करता करता सव्वीस जानेवारी उजाडली. थंडी कडक होती. झेंडावंदन आठला होतं. सुट्टीला घरी आलेल्या मनोजने सातला गीझर लावला आणि चहा घेत बसला. तेवढ्यात नम्रता मॅडम दारात. झेंडावंदनानंतर ग्रामसभा, मग पुढचं गाव, म्हणून त्या आधीच आल्या होत्या. मनोजच्या अंगात बनियन, कमरेला टॉवेल आणि हातात आठ पानं.

“झालं का पत्र?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, मी सही करू शकत नाही,” मनोज टॉवेल सावरत म्हणाला. “माझा नाइलाज आहे. बॉडीवर करंट येतो. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

बोलताना त्याने लडकूकडे बघायचं टाळलं. लडकू भिंतीला टेकून उभा होता. त्याने काल जात्याच्या स्टँडवर रंगाचा दुसरा हात मारला होता.

“मग स्टॉल दुसऱ्या गटाला द्यावा लागेल,” मॅडम हळहळून म्हणाल्या. “यादी मला आजच पाठवायची आहे.”

धोंडीबाईने पदर तोंडाला लावला. आणि ज्या माणसाने पोराशी वीस वर्षांत ‘बरं’च्या पलीकडे कधी वाद घातला नव्हता, तो लडकू पुढे आला.

“मॅडम, धा मिनटं द्या.” मग मनोजकडे वळून म्हणाला, “तुला एक इचारू? जातं मुरबाडला गुणाचं. दुपारी गुणाचं. बाकीच्या वारी गुणाचं. चावतं ते फक्त रविवारी सकाळी. आता सांग, रविवारी सकाळी या घरात जास्तीचं काय असतं?”

मग स्वयंपाकघराच्या दारातून रुपाली म्हणाली, “हे असतात.”

बारकू ओट्यावर खो-खो हसला. लडकू हसला नाही. “हां. आणि हा घरात असला, म्हंजे काय चालू असतं?”

सगळ्यांच्या माना बाथरूमकडे वळल्या. दाराच्या फटीतून गीझरचा लाल दिवा दिसत होता.

लडकूने खिशातला टेस्टर काढून जात्याच्या अँगलला टेकवला. टेस्टर पेटला. “रुपाली, गीझर बंद कर गो.” खटका वाजला आणि टेस्टर विझला. “आता चालू कर.” पेटला. “बंद.” विझला. असं पाच वेळा झालं. बारकू मोठ्याने मोजत होता आणि मनोजच्या हातातली आठ पानं हळूहळू खाली येत होती.

मग लडकू स्टूल घेऊन बाथरूममध्ये शिरला. गीझर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्याने मोबाइलचा उजेड टाकला. आतल्या अंगाला लाल चिठ्ठी चिकटवलेली होती. लडकू वर्तमानपत्र वाचतो तसं, एकेका अक्षराखाली बोट धरून, मोठ्याने वाचू लागला.

“चाचणी... झालेला... नमुना. वापरू नये. विकू नये. मोडून टाकावा. सही... म. ल. वेखंडे.”

“म. ल. म्हंजे कोण?” बारकूने विचारलं. त्याला माहीत नव्हतं असं नाही.

मनोज टॉवेलची गाठ आवळत राहिला, म्हणून सगळं इथे सांगणं भाग आहे. तपासणीत भाजलेला, भिजवलेला, व्होल्ट सोसलेला नमुना पुन्हा वापरायचा नाही, कारण तपासणीनेच त्याची हाडं खिळखिळी झालेली असतात. कारखान्यात हा नियम होता आणि तो मनोजनेच लिहिलेला होता. पण दोन वर्षांपूर्वी एक नमुना मोडायला जाताना त्याला दया आली. टाकी नवीकोरी, रंग छान, आणि एवढं सोसून तगलेला गीझर जगात दुसरा कुठे मिळणार? त्याने तो घरी आणला आणि चिठ्ठी भिंतीकडे करून बसवला. स्वतः तो खटका बंद करूनच आंघोळीला जायचा, कारण तसा नियम होता, म्हणून त्याला कधी कळलंच नाही. बाकीचे बंबाच्या पाण्याने आंघोळ करत. गीझर आतून पाझरत होता. तो करंट जमिनीत जायला हवा होता, तर अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली कोरडा ठणठणीत. मग तो अर्थिंगच्या वायरीने घरभर हिंडून जात्यात येऊन बसायचा. आणि गळती झाली की आपोआप पडणारा स्विच? तो पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून मनोजने बाजूला काढला होता. तात्पुरता. तीन पावसाळे झाले होते.

“मी म्हटलं होतं, हा स्विच परत बसवा,” रुपाली म्हणाली.

“तुला त्यातलं—” एवढं बोलून मनोज थांबला.

लडकूने गीझरची वायर सोडवली. मग पहार घेऊन अंगणातले दोन पेव्हर ब्लॉक उचकटले. खालची माती चुलीतल्या राखेसारखी भुरभुरीत झाली होती. धोंडीबाईने न सांगता दोन हंडे ओतले, रुपालीने मिठाची पिशवी आणून दिली. माती पाणी पीत राहिली. मॅडम घड्याळ बघत होत्या, शाळेचा लाउडस्पीकर ‘हॅलो, हॅलो’ करत होता, आणि मनोज टॉवेल धरून ओट्यावर बसला होता. त्याला खूप लाज वाटत होती. गावात हसं झालं याची होतीच, पण बापाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे आपण तीन आठवडे मीटर लावून बघत होतो, याची जास्त होती.

“द्या मॅडम कागद,” तो उठून म्हणाला. “मी सही करतो.”

लडकूने ओला हात कागदावर ठेवला.

“आधी बघ. न बघता केलेली सही मला नको. सोळा वर्षं तू तशी कुणाला दिली नाय. बापालाच कशाला देतोस?”

मनोजने बापाकडे बघितलं. मग आत जाऊन पेटी आणली. सरकारी बोट नरसाळ्यात घातलं. ते दगडाच्या चार बोटं अलीकडेच अडकलं. मीटर लावला. काटा हलला नाही. पडवी त्या दिवशी सारवलेली नव्हती म्हणून त्याने तांब्याभर पाणी जमिनीवर ओतलं, त्यात अनवाणी उभा राहिला, जातं चालू केलं आणि अँगलवर अख्खा तळहात टेकवला. बारकूने श्वास रोखला. जातं घरघरत राहिलं आणि हिरवा रंग तळहाताला लागला.

“पास,” मनोज म्हणाला.

“बरं,” लडकू म्हणाला आणि नेहमीसारखा गोठ्याकडे निघून गेला. पण या वेळी पाच मिनिटांत परत आला, अंगात झेंडावंदनाचा कडक सदरा घालून.

तोवर मनोजने आठ पानांपैकी एकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पत्र लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “तीनच ओळी आहेत. आणि हे शेवटी काय लिहिलंय, हा कुठल्या मानकातला शब्द?”

“मानकातला नाही, मॅडम. तसंच राहू द्या.”

त्या वर्षी मनोज झेंड्याला बिनआंघोळीचा उभा राहिला, आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गीझर आता अंगणाच्या कडेला आहे, त्यावर कोंबडी बसते. लाल चिठ्ठी लडकूने काढली नाही. ती रस्त्याकडे येईल अशीच त्याने टाकी ठेवली. येणारे-जाणारे वाचतात आणि कोंबडीकडे बघतात.

प्रदर्शनात पत्र जात्याशेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी स्टॉल लावून झाल्यावर लडकूने ते वाचायला घेतलं, एकेका अक्षराखाली बोट धरून. ‘हे जातं माझे वडील श्री. लडकू वेखंडे यांनी बनवलं आहे. मी ते स्वतः तपासलं. बरं आहे.’ शेवटाला पोचल्यावर तो थांबला, आणि बोट परत उचलून शेवटच्या दोन शब्दांखाली नेलं.